गजराबाईचं रिंगण

बेडशाच्या गजराबाईला विद्या वारशानं मिळाली नव्हती. नवरा गेल्यावर ती आपणहून एका म्हाताऱ्या देवरुष्याकडे शिकायला गेली. ग्रहणात पवना नदीच्या पाण्यात उभं राहून तिनं मंत्र जपला. राखेच्या रिंगणात चांदणीची खूण काढून आजाऱ्याची बाधा उतरवायला ती शिकली, आणि त्याचा अभिमान तिनं कधी लपवला नाही.

१९२८ साली रखमाजीचे बैल मेले. शेजारच्या अंबूबाईनं करणी केली म्हणत तो चार माणसं घेऊन गजराबाईच्या अंगणात आला. तिनं नाव घेतलं की अंबूबाईला गावाबाहेर काढायचं ठरलं होतं.

"मावशी, तांदूळ टाका आन् नाव सांगा," रखमाजी म्हणाला.

"नाव तर तू घरूनच आणलंयस. माझं काय काम?"

"चेटकीन कोन, ते तुमालाच कळतंय."

"व्हय. मंतर येनारी बाई हितं एकच हाय." तिनं राखेचं रिंगण काढलं, खूण उमटवली आणि स्वतःच मधे जाऊन बसली. "काढा मला गावाभाईर."

अशाच रिंगणात रखमाजीची पोरं बसून बरी झाली होती. तो मान खाली घालून चौघांसह निघून गेला.

अंबूबाई गावातच राहिली. पुढं कुणी गजराबाईला मागून चेटकीण म्हटलं, तर ती वळून सांगायची, "म्होरं येऊन म्हन. म्या काय लपून शिकले न्हाई."