पाणी चार बोटं खाली

"दोन पायऱ्या हायेत, एवढं सांगून भागते का गा? एक पायरी किती बोटं उंच हाये ते सांग."

"आता बोटं कोन मोजत बसते, ताई? लहानशाच हायेत."

"तुया पायाले लहान. चाकाले इचार."

तिच्या धाकट्या भावानं, अतुलनं, पुढं वाद घातला नाही. मोटारसायकलला किक मारली आणि गोरेगावहून नागऱ्याच्या देवळाकडे त्या दिवशी दुसऱ्यांदा निघाला. जाता जाता एवढंच म्हणाला, की देवाला गेलेली माणसं हात जोडतात, आपण पायरीवर बोटं ठेवून बसणार, पुजारी काय म्हणेल. ताई म्हणाली, पुजाऱ्यालाही दाराची रुंदी विचारून घे.

ही ताई म्हणजे अल्का शहारे. साल २००४. गोरेगावच्या बाजार रोडवर तिचा एसटीडी बूथ होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी, नव्याण्णवला, अपंगांच्या कोट्यातून तिला तो मिळाला. पोलिओनं दोन्ही पाय दुसऱ्या वर्षीच गेलेले. हातानं पायडल फिरवायची तीनचाकी बूथच्या दाराशी लावायची, हातांवर सरकत आत फळीवर बसायची, आणि एकदा बसली की मग आख्ख्या गावाचे नंबर तिच्या तोंडात.

लहानपणापासून ती उचललीच गेली. शाळेत बाप खांद्यावर न्यायचा, आमच्याकडच्या प्रतापगडच्या यात्रेत काकानं पाठीवर घेतलं. त्याचं तिला काही नव्हतं, घरची माणसं होती. पण एकदा गोंदियाच्या स्टँडवर दोन भल्या माणसांनी तिला न विचारता उचललं आणि आमगावच्या गाडीत नेऊन बसवलं. तिला यायचं होतं गोरेगावला. ती ओरडत राहिली, ते "काही नाही बाई, काही नाही" म्हणत राहिले. गाडी सुटली. आमगाव पाहून झालं. तेव्हापासून ती सांगायची, की उचललेल्या माणसाचं कोणी ऐकत नाही. धानाच्या पोत्याला कोणी विचारतं का, कुठं जातेस म्हणून?

नागऱ्याचं मोजमाप होतं गुलाबचंद बिसेन यांच्यासाठी. लकवा मारल्यापासून दोन वर्षं ते चाकांच्या खुर्चीवर होते आणि नागऱ्याच्या महादेवाला जायचं म्हणत होते. त्यांची मुलगी रेणू मुंबईला नोकरीला. ती दर रविवारी अल्काच्याच बूथवर फोन करून बापाला बोलावून घ्यायची, त्यातून ही गोष्ट निघाली. घरचे म्हणत होते, चौघं मिळून उचलून नेऊ. अल्का म्हणाली, मी सांगते कसं न्यायचं. राइस मिलमधून ट्रकवर पोती चढवायची फळी मागवली. स्वतःच्या तीनचाकीवर बसून ती फळी तिनं चार दिवस चढून-उतरून पाहिली आणि हिशेब बसवला: एका बोटाच्या उंचीला बारा बोटं फळी. दहा बोटांत चाक मागं घसरतं, बारात नाही.

गुलाबचंद गेले. खुर्चीवरून न उतरता देवळापर्यंत गेले, सावलीत बसून पोळी-भाजी खाल्ली, संध्याकाळी परत आले. बूथसमोर खुर्ची थांबवून अल्काला म्हणाले, "बाई, रस्त्यात दोन डबके होते, ते तुनं सांगतलं नाही." एवढंच. अल्कानं वहीत डबके लिहून घेतले.

पुढं पोराटोरांच्या हातात मोबाइल आले आणि बूथ ओस पडला. २००८ पर्यंत तिथं फक्त बकाराम यायचा, तोही फोनला नाही. बकाराम ढीवर. गावच्या तलावात डोंगा वल्हवायचा, बाजारात मासोळी विकून झाली की टोपली घेऊन बूथच्या सावलीला बसायचा. अल्काही बसलेली, तोही बसलेला.

तेव्हा रेणूचा फोन आला. ती ज्या कंपनीत होती ती मोठ्या प्रवासी जहाजांचं काम घ्यायची. जहाज सकाळी बंदराला लागतं, संध्याकाळी सुटतं. मधल्या वेळात प्रवाशांना गाव फिरवून आणायचं, हे कंपनीचं काम. पण जे खुर्चीवर होते ते जहाजावरच बसून राहायचे, किनारा खिडकीतून बघायचे. रेणूच्या साहेबाला अशा लोकांसाठी सहली लावायच्या होत्या आणि ऑफिसातल्या कोणाला जमत नव्हतं. तिथली पोरं बंदरावर फोन करून विचारायची, रॅम्प आहे का? समोरचा म्हणायचा, आहे. जाऊन पाहावं तर पोत्यावर टाकलेली एक फळी.

अल्कानं काम घेतलं. बूथमधली तीच बसायची फळी, तोच फोन, फक्त आता ती फोन करायची. गोवा, कोचीन, मंगळूर. गोंदियाची हिंदी तिला येत होतीच. उंबरठा किती बोटं, दार किती वीत, संडासाचं दार आत उघडतं का बाहेर, सावली कुठल्या बाजूला. चर्चचा माळी, म्युझियमचा चौकीदार, हॉटेलातला भांडेवाला, यांनाच ती धरायची. साहेब लोकांना पायरी दिसत नाही, म्हणायची. मग जहाजापासून परत जहाजापर्यंतचा सगळा रस्ता कागदावर उतरवायची. त्या कागदाच्या वर पहिली ओळ तिची ठरलेली होती: या सहलीत कोणालाही उचलले जाणार नाही. ऑफिसात त्या ओळीचं इंग्रजी व्हायचं आणि जहाजावर ती भिंतीला लागायची.

समुद्र तिनं पाहिलेला नव्हता. त्यानं काही अडतही नव्हतं.

अडलं ते २०१२ च्या डिसेंबरात. गोव्याची सहल होती, चार खुर्च्या. नदीच्या एका लहान धक्क्यावरून होडीत बसायचं, खाडीकाठानं फिरायचं, दुपारी त्याच धक्क्याला उतरून गाडीनं जहाजावर. होडीवाल्याला अल्कानं फोनवर विचारलं होतं, धक्क्यापासून होडी किती खाली असते? तो पाहून म्हणाला, चार बोटं. अल्कानं चार बोटांच्या उंचीची फळी लिहिली. रेणू स्वतः सोबत गेली होती. सकाळी चौघंही सरळ होडीत शिरले, कोणाला कोणाचा हात लागला नाही.

दुपारी तीनला अल्काचा फोन वाजला. बकाराम टोपली उलटी करून तिच्यावर बसला होता.

"अल्का, पानी खाली गेलं," रेणू म्हणाली.

"कठचं पानी?"

"नदीचं. होडी धक्क्याच्या छातीभर खाली हाये. आमी होडीतच बसून हावो."

"बांध फुटला का?"

रेणू नाही म्हणाली. मग तिनं सांगितलं. इथं समुद्राचं पाणी नदीत चढतं आणि उतरतं. सकाळी भरती होती, आता ओहोटी. रोजचंच आहे. होडीवाल्याला वाटलं हे सगळ्या जगाला माहीत असतं, आणि पायानं चालणारी माणसं धक्क्याच्या पायऱ्या चढून जातात, म्हणून तो बोलला नाही. रेणू मुंबईत पंधरा वर्षं राहिली, पण समुद्र तिनं लोकांना दाखवण्यापुरता पाहिला होता. तिच्याही डोक्यात आलं नाही.

आमच्याकडे तलावाचं पाणी दिवाळीला काठाशी असतं आणि होळीपर्यंत उतरतं. एका दिवसात उतरत नाही. सकाळी विचारलेलं पाणी दुपारी तिथंच सापडतं, हे अल्कानं कधी तपासून पाहिलं नव्हतं. कोण पाहील?

जहाजावर साडेपाचच्या आत चढायचं होतं, गाडीचा रस्ता तासाभराचा. होडीवाले म्हणत होते, त्यात काय, चौघं मिळून एकेकाला उचलतो, दहा मिनिटांत वर. तिघं प्रवासी वर धक्क्याकडे बघत होते. चौथी, हॉल नावाची उंच म्हातारी, तिनं खुर्चीचे ब्रेक लावून घेतले होते. ती कागदावरची पहिली ओळ वाचून उतरली होती. त्याआधी दोन वर्षं त्याच जहाजावर येत होती आणि एकदाही खाली उतरली नव्हती.

"सांग आता," रेणू म्हणाली. "उचलू का?"

अल्काचा शब्द आणि जहाज, दोन्ही त्या होडीत अडकलेले. जहाज चुकलं तर चार माणसं परक्या गावात बसतील. उचललं तर पुढच्या कागदावर ती ओळ लिहायला तिचा हात धजणार नाही.

फोनवर हात ठेवून तिनं बकारामला विचारलं, "पानी धा बोटं खाली गेलं तं तुमी डोंगा कठी लावता, भाऊ?"

"कठी म्हंजे?" बकाराम म्हणाला. "उतरनीवर. उतरनीले पानी चढो का उतरो, डोंगा काठालेच लागते. उभ्या पारीले कोन लावते?"

अल्कानं वही उघडली. त्याच नदीवर, होडीनं पंधरा मिनिटांवर, मोटारी चढवायची फेरीबोट लागत होती. तिथली उतरण तिनं दोन महिन्यांपूर्वी विचारून ठेवली होती आणि खाली लिहून खोडली होती: लांब आहे, बारा बोटांच्या हिशेबात बसते, पण पाण्याजवळ शेवाळ.

"रेणू, फेरीच्या उतरनीवर ने होडी, गाडीही तठीच बोलाव. तठी शेवार हाये. चिखलात बैलाचं खाचर फसलं का आपन धानाचं तनीस टाकतो ना, तसं नारराच्या झावळ्या टाक, भेटतील तं पोती टाक. एका टायमाले एकच खुर्ची. एकानं मागून ढकलायचं, दुसऱ्यानं दर पाच पावलांवर चाकामागं लाकूड ठेवायचं. अना ऐक. आधी त्या बाईले इचार."

"काय इचारू?"

"चाकावर जाते का उचलून जाते. घसरन हाये म्हनून सांग, टाइम कमी हाये म्हनून सांग. ती हो म्हनन तं उचल. म्हनन नाही, तं नोको. तू ठरवू नोको, मीही नाही ठरवत."

रेणूनं विचारलं. फोन चालूच होता. वाऱ्याचा आवाज आला, मग म्हातारीचा. "चाकावर," रेणू म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तासभर काही नाही. बकारामनं दोनदा तंबाखू मळली. अल्कानं वहीतलं एक पान उगाच वरून खाली वाचलं. अतुल चहा घेऊन आला, तो तसाच राहिला.

सव्वाचारला फोन. चौघंही वर. एका टकल्या माणसाची खुर्ची शेवाळावर वीतभर मागं आली होती, पण लाकडानं धरली. सगळ्यांचे पाय ओले. जहाजावर ती मंडळी वेळेच्या बारा मिनिटं आधी चढली, हे रेणूनं संध्याकाळी कळवलं. मिसेस हॉलनं कागद कोणी लिहिला ते विचारलं आणि एक निरोप दिला: दुपारच्या जेवणाच्या जागी संडासाची कडी फार वर आहे. अल्कानं कडी लिहून घेतली.

रेणूचं म्हणणं होतं, की साहेबाला सांगू, होडीवाल्यानं चुकीचं सांगितलं. अल्का नाही म्हणाली.

"तो खोटा नाही बोलला. म्यां सकारी इचारलं, त्यानं सकारचं सांगतलं. चूक माही हाये. तशीच लिहून पाठवतो म्हनावं."

तिनं तशी चिठ्ठी पाठवली. साहेबाचं उत्तर दोन दिवस आलं नाही, मग पुढच्या महिन्याच्या जहाजांची यादी आली. अकरा ठिकाणं.

त्या दिवशी सकाळी बकाराम आला तेव्हा अल्का पट्टी घेऊन वहीत रेघा ओढत होती. प्रत्येक पानावर एक नवा रकाना: पाणी कधी चढते, कधी उतरते, किती.

बकारामला ती गोष्ट अजून पचली नव्हती. "दिवसातून दोनदा?"

"दोनदा."

"कोन नेते वो ते पानी?"

"चंद्र नेते म्हन्ते रेणू."

"कायले?"

"त्याचा नंबर नाही माह्याजवर," अल्का म्हणाली आणि फोन उचलला. कोचीनच्या धक्क्यावरचा चौकीदार पलीकडून आला. "हाँ भैया, मैं वही, गोरेगाँव से. दरवाजा तो आपने बता दिया था. अब ये बताओ, पानी सुबह कितना रहता है, और शाम को कितना?"

तिनं फोन खांद्यात धरला आणि पेन्सिल उचलली.