सिंदेवाहीच्या तलावावर न दिसलेली तार

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत मी आणि माझा सहकारी समीर पुण्याहून सिंदेवाहीला निघालो. सोबत दोन मीटर पंखांचं थर्माकोलचं विमान होतं. त्यात माणूस बसत नाही. नाकावरचा कॅमेरा समोर बघतो, पोटातला छोटा संगणक अडथळा ओळखतो आणि विमान वळवतो. निदान पुण्यात आम्ही तसं सांगत होतो. जंगलातून जाणाऱ्या विजेच्या लायनींची पाहणी करणाऱ्या एका कंपनीला असं लांब पल्ल्याचं विमान हवं होतं. त्यांचे साहेब चौथ्या दिवशी प्रात्यक्षिक बघायला येणार होते. त्यांना पसंत पडलं तर वर्षभराचं काम मिळणार होतं. नाही पडलं, तर आमच्या दोन खोल्यांच्या कंपनीला कुलूप.

तिकडे जायचं असेल तर नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड अशी एसटी धरा. चारेक तास लागतात, नागभीडनंतर दोन्ही बाजूंना जंगल लागतं. सिंदेवाहीच्या स्टँडसमोर तर्री-पोहे चांगले मिळतात, पण तर्री, म्हणजे वरचा झणझणीत रस्सा, आधी थोडीच मागा. लॉज साधा आहे, खोल्या स्वच्छ. उडवायची परवानगी मात्र आधीच काढावी लागते. आम्ही पत्रांची फाईल दिवसभर काखेतच ठेवायचो.

पहिल्या दिवशी गावाबाहेरच्या तलावाकाठी विमान सोडलं. समोर मोहाचं झाड आलं, विमान वळलं. पुढे पळसांची रांग आली, विमानाने उंची घेतली. समीरने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान सरळ विजेच्या तारांवर गेलं. पंखाच्या धक्क्याने दोन तारा एकमेकींना लागल्या, ठिणगी उडाली आणि विमान तलावात पडलं. पलीकडच्या वस्तीतली पिठाची गिरणी बंद पडल्याचं आवाजावरूनच कळलं.

तलावात जाळं टाकत असलेल्या मारोतीभाऊंनी डोंगा वळवला आणि विमान पाण्यातून काढून आणलं. साठीचे असतील. भिजलेला पंख माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, "काऊन पाडलं?"

"त्याला तार दिसली नाही, भाऊ."

"तार कोनाले दिसते म्याडम? मलेई नाई दिसत."

"मग तुम्हाला कसं कळतं?"

"खांब दिसते ना. दोन खांब दिसले का मधात तार हायेच समजाचं. पाखरायले हे समजत नाई, म्हनून मरतेत बिचारे."

मी समीरकडे बघितलं. सहा महिने आम्ही कॅमेऱ्याला तार दाखवायच्या मागे होतो. चित्रात ती केसाइतकी बारीक येई आणि हलत्या विमानातून पुसून जाई. खांब मात्र स्पष्ट दिसत होते, आणि संगणक त्यांना वाटेतलं एकेक झाड समजून मधून वाट काढत होता. म्हणजे तारेवर आम्हीच त्याला नेलं होतं.

वीज संध्याकाळपर्यंत आली नाही. लाईनमनची आम्ही माफी मागितली, गिरणीवाल्या बाईंचीही. बाई एवढंच म्हणाल्या, "तुमचं खेळनं झालं, आमचा दिवस गेला."

तिसरा दिवस बाजारात, सत्तारभाईंच्या दुकानात गेला. ते पंपाच्या मोटारी भरून देतात. आमची अंगठ्याएवढी जळकी मोटार त्यांनी भिंगाखाली धरली आणि नव्या तारेचे वेढे मोजत बसले. मोडलेल्या पंखात बांबूची कामटी घातली. "उडेल," ते म्हणाले, "पर पहिल्यासारखं हलकं नाई राहील." संगणक बंद डबीत होता म्हणून कोरडा राहिला होता; तिथेच बाकावर बसून मी त्याला नवा नियम लिहिला: दोन खांब दिसले की मधली जागा भिंत समज आणि वरून जा.

लॉजवर परतल्यावर समीर म्हणाला, "उद्या तलावाच्या उत्तरेकडून उडवू. तिकडे खांबच नाहीत."

"त्यांना लायनी बघायच्यात, समीर."

"आधी काम तर मिळू दे. मग सुधारू."

त्याचं म्हणणं चूक होतं असं मला तेव्हाही ठामपणे वाटलं नाही. तरी सकाळी मी विमानाचं खोकं खांबांच्या बाजूला उतरवलं. त्यानेही पंख जोडले.

साहेब दहाला आले. पहिल्या फेरीत विमान जडपणे वर चढलं आणि तारांवरून वीस फुटांनी गेलं. समीरने माझा खांदा दाबला. दुसऱ्या फेरीत दोन वाळक्या खोडांना खांब समजून ते उगाचच चढलं. तिसऱ्या फेरीत एक खांब मोहाच्या झाडाआड गेला. संगणकाला एकच खांब दिसला, मग भिंत कुठली? विमान सरळ निघालं. मी रिमोट हातात घेऊन ते तारांच्या अलीकडे वळवलं.

"हे तुम्ही वळवलंत की त्याने?" साहेबांनी विचारलं.

"मी वळवलं."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, चहा घेतला आणि गेले. काठावरून बघत असलेले मारोतीभाऊ म्हणाले, "दोनदा तं वाचलं ना?" दुपारी त्यांनी आम्हाला घरी नेलं. त्या घरी खाल्लेला भात आणि झिंग्यांचा रस्सा या प्रवासातलं सर्वांत चांगलं जेवण होतं.

पुण्याला आल्यावर साहेबांच्या कंपनीने लेखी अहवाल मागितला. मी लिहिलं: हे विमान तार बघत नाही, खांबांवरून अंदाज करते, आणि खांब झाकला गेला तर अंदाज चुकतो. समीरने वाचून विचारलं, "हे वाक्य राहू द्यायचं?" मी हो म्हटलं. तीन आठवड्यांनी नकार आला. उन्हाळ्यात समीर बंगळूरला नोकरीला लागला. आमचं भांडण झालं नाही; स्टेशनवर सोडायला मीच गेले होते.

आता एका खोलीत काम चालू आहे. लपलेला खांब कसा ओळखायचा, हे अजून सुटलेलं नाही. ते वाक्य लिहिल्याचा पस्तावा होतो का, असं लोक विचारतात. काम गेल्याचं वाईट वाटतं. वाक्य खरं होतं.