झोपाळ्याची कडी

कुठलीही वस्तू आतून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास न ठेवणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो चिंचवडला आपल्या खालच्या मजल्यावर राहतो. तुमच्या आजोबांचे हे मित्र, माझे भाऊजी, चाकणच्या एका कारखान्यात धातू तपासायचे. निवृत्त झाले, पण तपासणी थांबली नाही. चिक्की दिली तर आधी मोडलेली कड भिंगाखाली धरतात, मग खातात. एकदा माझी पोलादी सुरी त्यांनी गॅसवर लालभडक करून पाण्यात बुडवली आणि ओट्यावर आपटली. दोन तुकडे. "बघा वहिनी, पोलाद तेच. एकदम गार केलं की आतली रचना बदलते. कडक होतं, पण ठिसूळ." मी म्हटलं, "आता भाजी कशानं चिरू?" तर म्हणाले, "तो माझा विषय नाही."

बाळांनो, तुम्ही सुट्टी संपवून गेल्यापासून गॅलरीतला झोपाळा रिकामाच आहे. मी तो रोज पुसते, पण काढू देत नाही. काढला तर तुम्ही येणार नाही हे मान्य केल्यासारखं होईल. परवा भाऊजींनी त्याच्या एका कडीवर टिचकी मारून कान लावला. "आवाज बद्द येतोय. ही काढायची."

"मुलं येईपर्यंत राहू द्या."

"मुलं येणार असतील तर आधी काढायची."

काढली ती काढली, वर पकडीत धरून मोडलीसुद्धा. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मोडलेल्या तोंडावर एका बाजूला मळकट, वळणदार रेघा होत्या, लाट मागे गेल्यावर वाळूवर राहतात तशा. उरलेला भाग साखरेसारखा चमकत होता.

"मुलं सुट्टीला यायची, झोके घ्यायची, की आतली भेग थोडी सरकायची. मुलं गेली की थांबायची. ही एकेक रेघ म्हणजे त्यांचा एकेक मुक्काम."

"आणि हा चमकणारा?"

"तो आज मोडला. तोवर सगळा भार त्यानंच धरला होता."

नवी कडी त्यांनीच चाकणहून करून आणली. झोपाळा पुन्हा टांगलाय. जुने तुकडे मी कपाटात ठेवलेत, अधूनमधून भिंग घेऊन बघते.

"ही किती टिकेल?" मी विचारलं.

"झोके घेतले तरी पणतवंडांना पुरेल. नुसती टांगून ठेवली तर गंजेल."

म्हणून संध्याकाळी मीच जरा वेळ बसते. कडी करकरली की खालच्या गॅलरीतून आवाज येतो, "तुमच्या एकटीच्या वजनानं तिला काही कळणार नाही, वहिनी. दंगा करणारी माणसं बोलवा."