तिसरा पुकारा

पट्टेवाल्याने तिसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा ती बाई कोर्टाच्या दारापासून चार हातांवर मांडीवरच्या पोराला पाजत बसली होती. तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. आत तिच्या नावाने वॉरंट निघालं.

बहिरी नव्हती ती. पेठकडच्या पाड्यावरची, जंगलात लाकूड तोडल्याच्या गुन्ह्यात जामिनावर सुटलेली. गुन्हा लिहिताना रेशनकार्डावरचं नाव घेतलं होतं, आणि ते नाव कार्ड लिहिणाऱ्याने मनाने घातलेलं. तिचं खरं नाव त्याला नाव वाटलंच नसणार.

असल्या माणसांसाठीच मला ठेवलं होतं. कोर्टामागे मोफत कायदा केंद्र निघालं होतं; पैसा परदेशातून येई. तिथे एक साहेब, एक वकील, एक टाइपरायटर आणि चौथी शिकलेली मी. सकाळी प्रत्येकाचं कागदावरचं नाव पाठ करायचं, व्हरांड्यात बसायचं आणि पुकारा झाला की त्या माणसाला ढोसायचं: ऊठ, तुलाच बोलावतायत.

त्या दिवशी पैसे देणाऱ्यांकडची गोरी बाई आली. केंद्राच्या साहेबांनी मला बोलावणं धाडलं.

"साहेब, पुकारे चालू आहेत."

"पाच मिनिटं हो, मावशी. त्यांना तुमचंच काम बघायचंय."

मी काय करते ते साहेबांनी तिला इंग्रजीत सांगितलं. तिला फार आवडलं. फोटोसाठी कानामागे हात धरून उभं राहायला लावलं. मी राहिले. मुद्दाम चांगलं पातळ नेसून गेले होते, खोटं कशाला सांगू.

परतले तर पट्टेवाला हसला. "मावशी, आज कान कुठं गहाण टाकले?"

मी बाईकडे धावले.

"माझं नाव नाय घेतलं कोणी," ती म्हणाली. "लय वेळ बसले. जाऊ का घरी?"

वकील मालेगावला गेले होते. मी आत जाऊन हात जोडले, तर न्यायाधीश उठून गेलेले. वकील आले की अर्ज टाकू, असा मीच विचार केला आणि तिला गाडीत बसवून दिलं. वकील दोन दिवसांनी आले. तोवर पोलिसांनी तिला पोरासकट पाड्यावरून उचललं होतं.

वॉरंट रद्द व्हायला आठवडा गेला. जेलात पोराला हगवण लागली. सिव्हिलमध्ये नेलं, पण उशिरा.

पुढे खटल्यातून ती सुटली. वकिलांनी एक पैसा घेतला नाही. केंद्र नसतं तर ती कित्येक महिने आतच राहिली असती, हेही खरं आहे. अहवालात ती केस यशस्वी म्हणून लागली. सोबत माझा फोटो होता, कानामागे हात धरलेला.

बाई वाचली. पोर वाचलं नाही. नऊ महिन्यांचं होतं.