दृष्टीचे शब्द कुणाला द्यायचे

गिरगावात ज्या ताईंकडे मी स्वयंपाकाला जाते, त्या वयाने माझ्याहून मोठ्या. तरी मला मावशीच म्हणतात. जन्म गेला त्यांचा स्वीडनमध्ये. तिथल्या खेड्यापाड्यातली माणसं कशी बोलतात, गाईला काय हाक मारतात, चुलीला काय म्हणतात, पोर आजारी पडलं की काय उतरवतात, ते सगळं गोळा करून ठेवायचं, हे त्यांचं काम. मला आधी वाटलं चेष्टा करतायत. याचा कुणी पगार देतं? पण देतात म्हणे. आई गेल्यावर त्या परत आल्या, आता इथंच बसून तेच करतात. कानाला हेडफोन लावायचा, तिकडच्या म्हाताऱ्यांच्या जुन्या टेपा ऐकायच्या नि म्हातारी जशी बोलली तशीच लिहायची. खोकली तर खोकली.

कधी हेडफोन काढून मला ऐकवायच्या. एक बाई डोंगरावरून गाईंना बोलवायची. आवाज असा उंच जायचा की माझ्या हातातलं लाटणं थांबायचं. दुसरी एक म्हातारी होती, ती सगळं सांगायची, पण रक्त थांबवायचे शब्द विचारले की गप. ताई हसल्या. "इथं मी लिहिलंय, म्हातारी बोलत नाही, घड्याळ वाजतं."

मी बोलले, "बरोबर आहे तिचं. मी पण नाय सांगणार."

झालं. ताईंनी खुर्ची वळवली. "तुमच्याकडे काय आहे, मावशी?"

माझ्याकडे दृष्टीचे शब्द होते, पोराची दृष्ट काढताना म्हणायचे. सासूने दिलेले. ती मालवणकडची, शेवटच्या दुखण्यात मला जवळ बोलावून कानात बोलली. वर सांगितलं, "एकदाच दी गो. दिलंस की तुझो हात रिकामो." म्हणजे ज्याला सांगितलं त्याचा हात चालणार, माझा नाही. माझी पहिली दोन गेली तेव्हा ते शब्द माझ्याकडे नव्हते. मुलगा झाला तेव्हा होते. गिरणी बंद पडली, आमचे मालक घरी बसले, मी खोलीत खानावळ चालवली. दहा माणसं जेवायला येणार, कुणाची नजर कशी, तरी माझं पोर वाढलं. लालबागच्या आमच्या चाळीत कुणाचं तान्हं किरकिरलं की माझ्याकडेच आणायचे. मीठ, मोहरी, मिरच्या घ्यायच्या, शब्द पुटपुटायचे नि टाकायचं विस्तवावर.

"रेकॉर्ड करून ठेवू या. नाहीतर जातील हो ते," ताई बोलल्या.

"जाऊ दे. सुनेला सहावा सरलाय. आत्ता नाय."

त्यांनी खुर्ची परत टेबलाकडे वळवली. सुनेची आधीची दोन पोटातच गेली होती, हे त्यांना ठाऊक होतं.

आणि तिसरं पण दिवस भरेपर्यंत थांबलं नाही. सातव्यातच झालं. मुलगा. परळच्या हॉस्पिटलात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. मी लांबून पाहिला, उंदराएवढा. मी सुनेकडून त्याच्या पायात बांधून घेतलेला काळा दोरा नर्सने कापून माझ्या हातात दिला. "आजी, आत काही चालत नाही." तिचं बरोबरच असेल. पण मला तो दोरा कुठं ठेवायचा तेच कळेना. मीठ-मोहरीचं तर नावच नको. आत फक्त आईला सोडायचे, ते पण चाकाच्या खुर्चीवरून, दूध द्यायच्या वेळेला. मी बाहेर बाकड्यावर. घरी बसले तर भिंती खायला उठायच्या, म्हणून मी कामावर जात राहिले.

त्या दिवशी भाकरी तव्यावर होती नि फोन वाजला. सून.

"आई, त्याचा श्वास मध्येच थांबतो. नळी घालतील बोलतात." मग, "ते तुमचं काय असतं ते सांगा मला."

हीच सून मला चिडवायची. मॉलमध्ये काउंटरवर उभी राहणारी पोरगी, "आई, तुमचा मिरचीचा कारखाना खिडकीपाशी करा, मला ठसका लागतो." ती मागत होती.

असं फोनवरून देतात का? आधी यंत्राच्या कानात गेलं तर? आणि ताई समोर बसलेल्या. शब्द कुणाकडे जाणार? एकदाच द्यायचे.

ताईंना न सांगता कळलं. त्या उठल्या. "मावशी, तिकडे अशी रीत आहे की शब्द वयाने मोठ्या माणसाने लहानाला द्यायचे. देणाऱ्याहून मोठ्या माणसाने ऐकले तर वाया. मी तुमच्याहून मोठी, माझ्यापर्यंत पोचणारच नाहीत." तरी दोन्ही कानांत बोटं घालून त्या गॅलरीत गेल्या नि दार ओढून घेतलं. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. कधीपासून त्यांना तेच हवं होतं.

गॅस बंद केला. फोन तोंडाशी धरला नि सांगितलं.

"आई, मधलं नाय ऐकू आलं. इथं मशीन वाजतंय. परत बोला ना, खुर्ची आली माझी, फोन बाहेर ठेवायला लावतात."

आता काय करायचं? परत सांगितलं तर सगळंच बाद होईल की काय? सासू असती तर तिला विचारलं असतं. मी परत सांगितलं. सावकाश, एकेक शब्द सोडवून. ती मागोमाग बोलली. फोन बंद झाला.

ताई आत आल्या. भाकरी जळली होती ती बाजूला केली नि पाणी दिलं. मला एवढंच वाटत होतं, दोनदा सांगितलं, दोनदा सांगितलं. संध्याकाळी मुलाचा फोन आला. नळी घातलीय, श्वास चालू आहे. सुनेने पेटीच्या भोकातून हात घालून त्याच्या पाठीवर ठेवला होता नि ओठ हलवत बसली होती. नर्सने तिला बसू दिलं.

पुढं किती दिवस फोन वाजला की मी आधी गॅस बंद करायचे. मग नळी निघाली. मग त्याला आईच्या छातीवर दिला. डॉक्टरांनी वाचवला, हे मला पण कळतं. मी तसंच सांगते सगळ्यांना.

बाळ घरी आल्यावर ताई बघायला आल्या, झबलं घेऊन. मी बोलले, "ताई, विचारायचं असेल तर आता तिला विचारा. माझा हात रिकामा."

सुनेने बाळाला पदराखाली ओढलं. "ताई, राग मानू नका हं. याचं वजन अजून कमी आहे."

"कधी विचारू मग?"

"त्याला पोरं होऊ देत," सून बोलली.

ताई हसल्या. मी नाही हसले. बाळ झोपेत श्वास घेताना मध्येच थांबल्यासारखं करतं. तेव्हा मी नुसती बघत बसते नि सुनेला हाक मारते.