मायाप्पा वर आला ती रील

मी लोकांना विज्ञान दाखवायची नोकरी केली. त्यामुळं भूत, करणी, भानामती असलं काही कुणी माझ्यासमोर काढलं की मी त्याची सालटी काढायचो. अजूनही काढतो. या सदरातले अनुभव वाचून माझी बायको घाबरते आणि मी हसतो... आणि आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ती सकाळपासून माझ्याकडं बघतीय. बघू दे. पन्नास वर्षं होत आली, एकदाचं ओकून टाकतो.

मी आष्ट्याचा. साल पंचाहत्तर-शहात्तर. सांगलीत एका सरकारी प्रचारगाडीवर ऑपरेटर होतो. गाडीत सोळा एमेमचा प्रोजेक्टर, जनरेटर, कर्णा, गुंडाळीचा पडदा आणि पत्र्याच्या गोल डब्यांत रिळं. सिनेमे म्हणजे नाचगाणी नव्हेत हां — दहा-पंधरा मिनिटांच्या डॉक्युमेंट्री. देवीची लस, हायब्रीड ज्वारी, मधमाश्यांचं पोळं, लेण्यांमधली चित्रं, रॉकेट कसं उडतं. कॉमेंट्री हिंदीत असायची. ती जतकडच्या माणसांना कळणार डोंबल! म्हणून मी आवाज बंद करून माइकवर आपलं मराठी ठोकायचो. लोकांना ते आवडायचं. मला स्वतःला तर लयच आवडायचं.

आणि माझी एक खासियत होती. शो संपला की शेवटची रील रिव्हर्स लावायची. प्रोजेक्टरला तसं बटणच होतं. पिल्लू परत अंड्यात शिरायचं, रॉकेट आकाशातून खाली येऊन गपचूप जागेवर बसायचं, डॉक्टर दंडातली लस परत सुईत ओढून घ्यायचा. माणसं पोट धरून हसायची. तीन तालुक्यांत मला "उलटं फिरवणारा सायेब" म्हणून ओळखत होते. चोवीस वर्षांचं वय, त्यात ही असली कीर्ती... डोक्यात हवा जाणारच.

ड्रायव्हर होते नाना. म्हसवडचे, मिलिटरीतून रिटायर झालेले, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. शर्टाच्या खिशात कायम सिद्धनाथाचा अंगारा. मी त्यावरून त्यांची टिंगल करायचो आणि ते "शाणा हायस गड्या" एवढंच म्हणून स्टिअरिंगकडं वळायचे.

जत तालुक्यातल्या एका गावातला हा प्रसंग. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. तिकडं आम्ही दुपारीच शो करायचो, कारण परतीचा रस्ता लांबचा आणि वाईट. शाळेच्या मोठ्या खोलीत पडदा लावायचा आणि खिडक्यांना धनगरांची घोंगडी टांगायची, की झाला अंधार. बाहेर ऊन रणरणतंय, आत दीडदोनशे माणसं दाटीवाटीनं बसलेली आणि सगळीकडं मेंढरांचा वास.

त्या दिवशी गाव लोटलं होतं, कारण रील त्यांच्याच गावची होती. बहात्तरच्या दुष्काळात तिथं विहीर खोदायचं काम चाललं होतं, तेव्हा मुंबईहून कॅमेरावाले येऊन त्यावर डॉक्युमेंट्री करून गेले होते. तीत बारा-पंधरा सेकंदांचा एक तुकडा होता. डावीकडून एक उंच गडी येतो. डोक्यावरचा पटका काढून विहिरीच्या काठावरच्या दगडावर ठेवतो, दोराच्या फासात पाय अडकवतो आणि खाली उतरतो. डोकं काठाखाली जायच्या आत वर बघून हसतो. बास, एवढंच. तो मायाप्पा.

शूटिंगनंतर आठवड्यानं त्याच विहिरीत एक सुरुंग उडालाच नाही. का उडाला नाही ते बघायला मायाप्पा खाली उतरला, आणि तेव्हा तो उडाला. हाताला लागलं तेवढं पोत्यात भरून थेट मातीला नेलं. बायकोला तोंडसुद्धा दाखवलं नाही. दाखवायला तोंड नव्हतंच, असं नंतर नाना म्हणाले.

ही सगळी हकिगत मला शोच्या आधी त्याच्या बायकोनंच सांगितली. गौरव्वा तिचं नाव. पंचविशीच्या आतबाहेरची, कपाळ मोकळं, कडेवर "अव्वा, अव्वा" करून आईला बिलगलेली तीन वर्षांची पोरगी, कमळी. बाप गेला तेव्हा ही पोटात होती. घरात मायाप्पाचा एक फोटो नाही. पोरीला बाप दाखवायचा तर जगात एवढी एकच जागा, माझी रील.

"सायेब, पोरीला म्होरं बसवतो," ती म्हणाली. "तेवढं दावा. पर एक ऐका, ते उलटं नका फिरवू."

"का गं?"

"मातीवरनं येताना मागं वळून बघत न्हाईत. गेलेल्याला मागनं हाक मारत न्हाईत. त्येला पुढं जाऊ द्या, मागं नका बोलवू."

आता मी काय म्हणायला हवं होतं? बरं बाई, असं. तोंडाला काय झिजलं असतं? पण नाही. अंधश्रद्धा दिसली की माझ्या अंगात यायचं. मी हसून म्हणालो, "अगं, ती सेल्युलॉइडची पट्टी आहे. तिला माती नाही अन् मर्तिक नाही."

नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. बाईमाणूस सांगतंय."

मी ऐकलं नाही.

शो झाला. मायाप्पा पडद्यावर आला. गौरव्वानं कमळीची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि तिच्या कानात काहीतरी बोलली. मायाप्पा हसला, खाली गेला. पोरगी पडद्याकडं हात करून "बा" म्हणाली. त्यावर दोनचार बायकांनी पदर डोळ्याला लावला. इथं थांबलो असतो तर मी आज पुण्यात्मा म्हणून मिरवलो असतो.

मागून पोरंटोरं ओरडली, "उलटं! सायेब, उलटं!" आणि माझा हात बटणावर गेला. वर माइकवर काय बोललो ते ऐका... जसंच्या तसं लिहितो, माझी लायकी कळू दे. म्हणालो, "गौरव्वा, रडतीस कशाला? हा बघ, आणला तुझा नवरा परत!"

विहिरीतून आधी त्याचं हसणारं तोंड वर आलं. मग खांदे, मग अख्खा माणूस. फासातनं पाय काढला, दगडावरचा पटका उचलून डोक्याला लावला आणि विहिरीकडं तोंड करून, पाठीमागं पावलं टाकत टाकत डावीकडं पडद्याबाहेर गेला. सगळी खोली हसली. मी सगळ्यात मोठ्यानं.

गौरव्वा हसली नाही, रडलीही नाही. "आला," एवढंच म्हणाली.

लोक म्हणाले, पुन्हा लावा. मी सरळ लावली. विहीर आली, काठ आला, दगड आला. दगडावर पटका नाही. माणूस नाही. दोर तेवढा आपोआप खाली गेला.

मला वाटलं, माझं लक्ष चुकलं. मागं घेतली, परत लावली. तेच! तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. खोलीत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी खिडकीवरचं घोंगडं ओढलं आणि सगळा उजेड आत आला. मी रील काढून दारात नेली आणि उन्हाला धरून एकेक चौकट बघितली. कुठं कापलेली नाही, कुठं चिकटवलेली नाही. नाना माझ्या खांद्यावरून बघत होते.

"दोर बघ गड्या. ताठ हाय. रिकामा दोर असा ताठ ऱ्हातो व्हय?"

तेवढ्यात गौरव्वा माझ्यापाशी आली. "कंच्या अंगाला गेला, सायेब?"

माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी पडद्याच्या डाव्या अंगाला बोट केलं. ती पोरीला घेऊन बाहेर पडली आणि वळसा घालून शाळेच्या मागं गेली, पडद्याची भिंत होती त्या बाजूला. तिथं नुसतं ज्वारीचं कापलेलं रान. ती त्या धसकटांतून अनवाणी नवऱ्याला शोधत फिरत होती आणि निम्मं गाव कुंपणाशी उभं राहून तिला हसत होतं. माझ्याच विनोदानं त्यांना हसायची सवय लावली होती.

त्या रिळाची दुसरी कॉपी साताऱ्याच्या गाडीवर होती. दोनतीन आठवड्यांनी काहीतरी निमित्त काढून मी साताऱ्याला गेलो आणि ती लावून बघितली. काठ, दगड, ताठ दोर. माणूस नाही. तिथल्या ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला, "ही पहिल्यापासून अशीच आहे की. तू कुठला माणूस म्हणतोयस?" चहा पिऊन परत आलो.

चारपाच महिन्यांनी पुन्हा त्याच गावची ड्युटी लागली. मी टाळायला बघितलं, जमलं नाही. गाडी शाळेपुढं थांबली तर मायाप्पाचा थोरला भाऊ बिराप्पा भावकीतली दहाबारा माणसं घेऊन वाटच बघत होता.

"सायेब, तुमच्या शिनेमानं आमच्या घराची अब्रू गेली," म्हणाला.

गौरव्वानं कुंकू लावायला सुरुवात केली होती. हातात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. नवरा विहिरीतनं बाहेर आलाय, अख्ख्या गावानं बघितलंय, मग मी रांडाव कशी, असं ती सांगायची. रोज दुपारी फडक्यात भाकरी बांधून शाळेच्या मागं जाऊन बसायची. पोरं तिच्यापुढं उलटी चालत "आलो गं गौरे, आलो" करायची. सासूनं तिचं जेवण निम्म्यावर आणलं होतं. स्वतःच्या वाटणीची भाकरी ती त्याच्यासाठी नेत होती. हाडं वर आली होती तिची.

"एकदा तिला दावा," बिराप्पा म्हणाला. "शिनेमात माणूसच न्हाई हे बघू दे. म्हंजे उतरंल खूळ."

पुन्हा घोंगडी टांगली. पुन्हा गाव जमलं. मी रील लावली. काठ, दगड, दोर. उजेड झाला तशी सासू गौरव्वावर खेकसली, "बघितलंस? हाय का कुणी?"

गौरव्वा शांत होती. लहान पोराला समजवावं तसं म्हणाली, "आत्ती, आता कसा दिसंल? त्यो वर आला न्हवं का. आत असता तर दिसला असता." मग माझ्याकडं वळली. "तुमीच भाईर काढलासा त्येला. सांगा की सायेब. माझं कोण ऐकत न्हाई, तुमचं ऐकतील."

दीडदोनशे डोकी त्या खोलीत. त्यातल्या निम्म्यांनी त्याला वर येताना माझ्याइतकंच बघितलं होतं. एकानं तोंड उघडलं नाही, सगळी जमिनीकडं बघत बसली. मी जर "होय" म्हणालो असतो तर ती वाचली असती. बिराप्पासुद्धा सरकारी माणसापुढं दबला असता. पण मी विचार केला, उद्या हे सांगलीत साहेबाच्या कानावर गेलं तर? विज्ञानाच्या गाडीवरचा माणूस मेलेले जिवंत करतो म्हणून नोकरी गेली तर? आणि खरं सांगू, नोकरीपेक्षा लोक मला हसतील याची भीती जास्त होती.

मी म्हणालो, "या फिल्ममध्ये माणूस कधी नव्हताच."

तिनं कमळीला जवळ ओढलं. शिवी नाही, शाप नाही. सासू उठली, पदरानं तिचं कपाळ खसाखसा पुसलं. दोन बायकांनी तिला दंडाला धरून उंबऱ्यापाशी बसवलं आणि हात उंबऱ्यावर दाबून एकेक बांगडी दगडानं फोडली. मनगटातून रक्त आलं तरी थांबल्या नाहीत. मी काय करत होतो? रील गुंडाळत होतो. घाई नको, फिल्मला चरा पडेल म्हणून सावकाश गुंडाळत होतो.

नानांनी गाडीत बसताना माझ्याकडं बघितलं नाही. "लय वंगाळ केलंस," एवढंच बोलले आणि पुढच्या महिन्यात बदली मागून घेतली. त्यांच्याच तोंडून नंतर कळलं की त्या दिवसानंतर गौरव्वा शाळेमागं जायची बंद झाली, आणि बोलायचीही.

रील बदलली कशी, दोन गावांतल्या दोन कॉप्या एकसारख्या रिकाम्या कशा झाल्या, तो ताठ दोर कुणाच्या वजनानं ताठ होता... मी प्रोजेक्टर खोलून बघितले, जाणकारांना विचारलं, पुस्तकं चाळली. काही उलगडलं नाही आणि आता उलगडेल असं वाटत नाही. वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. पण रात्रंदिवस मला टोचतं ते हे नाही.

त्या दिवशी गाडी सुरू व्हायच्या आत कमळी माझ्या दाराशी आली होती. मुठीत उंबऱ्यावरच्या हिरव्या काचा गोळा करून आणल्या होत्या. त्या तिनं गाडीच्या पायरीवर नीट मांडल्या आणि वर बघून म्हणाली, "सायेब, ते मशीन लावा की. अव्वाच्या बांगड्या उलट्या फिरवा."

मी म्हणालो, "मशीन बिघडलंय, बाळ."

चांगलं चालू होतं मशीन.