लेझीम, भाज्या आणि अक्काचं परतीचं तिकीट

अक्काला गावी आणायचं ठरवूनच मी मुंबईला निघालो. माझी ही थोरली बहीण लालबागच्या चाळीत एकटी राहते. शेजारणीचा फोन आला होता, दूध करपून पातेलं काळं झालं तरी गॅस चालूच होता म्हणून. मी परतीची दोन तिकिटं काढून ठेवली.

कोकणातून येणाऱ्यांनी दादरला उतरावं. तिथून लालबागची बस मिळते. सामान जड असेल तर टॅक्सी बरी. अक्काने दारातच "जेवलास?" म्हणून विचारलं. सुरमईच्या कालवणात मीठ अगदी बेताचं होतं. हिला विसर पडतो म्हणावं तरी कसं? माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

सकाळी तिने मला परळच्या एका मैदानात नेलं. साठीपुढची माणसं तिथे लेझीम खेळतात. पैसे पडत नाहीत, पाहुण्यांनाही घेतात. शाळेतली लेझीम मला पाठ, म्हणून ऐटीत उभा राहिलो. पण शिकवणाऱ्या मालतीताईंची तऱ्हा वेगळी. पावलं न थांबवता दर चौथ्या ठोक्याला एकेकाने भाजीचं नाव घ्यायचं, आधी आलेलं चालणार नाही.

"पडवळ!"

"घोसाळी!"

माझी पाळी आली आणि पायच थांबले. "पाव्हणे, पाय!" ताई ओरडल्या. मी घाईने म्हणालो, "पडवळ."

"ता झाला रे!" म्हणत अक्काने ठोका उचलला. "सुरमई!"

"अहो, ती काय भाजी?"

"माझ्या घरात भाजीच ती!"

सगळे हसले. ताई मला म्हणाल्या, "पावलं पाठ झाली की मी बदलते. शरीर आपोआप चालायला लागलं की डोकं झोपतं." मला गावची प्रदक्षिणा आठवली. ओठांवर स्तोत्र असतं आणि मन खताच्या दुकानात. अशी प्रदक्षिणा देवापर्यंत पोचते का, कोण जाणे.

दुपारी बसने गिरगावात जाऊन मिसळ खाल्ली. लालबागला परतल्यावर अक्का गॅलरीत बोलत बसली आणि आत चहा उतू गेला. मी धावत जाऊन गॅस बंद केला.

"तूच ठेवला होतास ना?" ती म्हणाली. क्षणभर मलाही खात्री वाटेना.

"अक्का, चल गावाला."

"आणि लेझीमच्या वर्गात माझ्या जागी कोण? तुला तर पडवळापुढे येत नाही."

शेवटी शेजारीण म्हणाली, "मी बघेन हो, जाता-येता." परतीच्या गाडीत शेजारची जागा रिकामी होती. तिच्यावर मी पिशवी ठेवली. बरोबर केलं की चूक, ते अजून ठरत नाही.

आता रोज प्रदक्षिणेनंतर तिला फोन करतो. देवळाभोवती आणखी फेऱ्या घालत भाज्यांची नावं सांगायची, ही तिची अट. काल मध्येच विचारलं, "अक्का, गॅस बंद केलास?"

ती म्हणाली, "थांब हां, बघून येते."

देवळाच्या भिंतीला हात लावून मी उभा राहिलो. बराच वेळ गेला.

"बंद आहे रे. तू सांग, कुठली भाजी झाली शेवटची?"

मला आठवेना.